संशय घ्या, पण नमुन्यावर

जागतिक स्पर्धेत पदक घेणारी पोरगी औषधावरचीच असते, हे म्हणायला आपल्याकडे पुरावा लागत नाही. मोबाइलवरची अर्ध्या मिनिटाची क्लिप पुरते. लाल-निळ्या पोशाखातल्या दोघी मॅटवर भिडल्या, एकीनं दुसरीला खांद्यावरून घेऊन पालथी घातली, की बघणाऱ्यांतून आवाज येतोच: "सुया घेतल्याबिगर असे दंड येतेत काय, भाऊ? त्या बाया हायेत का बाप्ये?" आमच्या वाशीम जिल्ह्यात रिसोड असो, मालेगाव असो, कारंजा असो, जत्रेतल्या आमदंगलीत पोरींची कुस्ती लागली की हे वाक्य कुणीतरी बोलतोच. शिकलेला माणूस तेच जरा इस्त्री करून मांडतो. आंतरराष्ट्रीय महिला कुस्ती ही आता प्रयोगशाळांची स्पर्धा झाली आहे, दूध-भाकरीवर वाढलेल्या आपल्या पोरींचा तिथं निभाव लागायचा नाही, तेव्हा त्यांनी पोलीस भरतीपुरती कुस्ती करावी आणि मोकळं व्हावं.

हे म्हणणं मला साफ नामंजूर आहे. कुस्तीत उत्तेजकं नाहीत असा माझा दावा नाही. आहेत, आणि त्यात आपल्या देशाचा वाटा कुणालाही लाज वाटावी इतका मोठा आहे. आकडे पुढे देतोच. माझं भांडण संशयाच्या जागेशी आहे. जिथं संशय घ्यायला हवा तिथं आपण डोळे मिटतो, आणि जिथं घेण्याचं काहीच कारण नाही तिथं, म्हणजे पोरीच्या दंडावर, पाठीवर, आवाजावर, बोट ठेवतो.

मुळात जिंकणाऱ्या बाईवर संशय घेण्याची ही खोड उत्तेजकांच्या आधीची आहे. अलीगढची हमीदा बानू १९५०च्या दशकात पुरुष पैलवानांना आव्हान देत देशभर फिरायची. १९५४ साली मुंबईत तिनं रशियाच्या व्हेरा चिस्टिलिनला मिनिटाच्या आत चीत केलं. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली तिची कुस्ती तालीम संघाच्या विरोधामुळे झालीच नाही. कोल्हापुरात तिनं सोमासिंग पंजाबी या मल्लाला हरवलं, तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो केली, दगड फेकले. जमाव आवरायला पोलीस बोलवावे लागले. आरोप एकच: कुस्ती नुरा आहे, आधी ठरवून केली आहे. बानूनं थेट मुख्यमंत्री मोरारजी देसाईंकडे तक्रार नेली. उत्तर आलं की कुस्त्या रोखल्या त्या ती बाई आहे म्हणून नव्हे, आयोजक तिच्यापुढं डमी पैलवान उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून. त्या काळात नुरा कुस्त्या होत नव्हत्या असं मी म्हणणार नाही. पुरुषांच्याही होत. पण नुरा कुस्ती केली म्हणून कोल्हापूरच्या मैदानात किती पुरुषांवर दगड पडले, हे कुणी सांगावं. तेव्हा बाई जिंकली की कुस्ती खोटी ठरायची, आता शरीर खोटं ठरतं. हरली तर प्रश्नच मिटला. बाईमाणसाला कुस्ती काय कळणार!

आता त्या दंडांचं बघू. ऑलिंपिकमध्ये महिला कुस्ती २००४ साली अथेन्सला आली, चार वजनगटांत. २०१६ ला सहा गट झाले, आणि टोकियो ऑलिंपिकपासून ते असे: ५०, ५३, ५७, ६२, ६८ आणि ७६ किलो. ७६ किलोच्या गटात उतरणारी बाई आठ-दहा वर्षांची असल्यापासून रोज दोन वेळा घाम गाळते. बैठका, सपाटे, दोर, स्वतःच्या वजनाची जोडीदारीण खांद्यावर घेऊन धावणं, हे पंधरा वर्षं केल्यावर दंड येणार नाहीत तर काय येईल? तिचा दंड फुगला तर औषध आणि आपल्या गावातल्या पोराचा फुगला तर खुराक, हा न्याय कुठला? शिवाय डोळ्यांना जे दिसतं त्यावरून औषध कळतच नाही. कित्येक बंदी असलेल्या औषधांनी दंड वाढत नाहीत. वजन उतरवायच्या गोळीनं तर माणूस वाळतो.

वाशीमच्या शेतकऱ्याला हे समजवायला वेगळी शाळा नको. सोयाबीन घेऊन तो बाजारात जातो, व्यापारी ढिगात हात घालतो, चार दाणे तळहातावर चोळतो आणि म्हणतो, ओल आहे, भाव कमी करा. तेव्हा हाच शेतकरी अंगावर जातो: हात काय घालता, मीटर लावा! बारा टक्क्यांच्या आत आहे की बाहेर, ते मीटर सांगू दे. त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर असतं. मग दुसऱ्याच्या पोरीचा निकाल लावताना हाच माणूस व्यापाऱ्यासारखा ढिगात हात का घालतो?

कुस्तीतलं मीटर कसं चालतं तेही एकदा जवळून बघावं, कारण बोलणाऱ्या बहुतेकांना त्याची कल्पना नसते. कुस्ती संपते, पोरगी मॅटवरून खाली उतरते, तिथंच एक बाई ओळखपत्र दाखवून तिला सूचना देते आणि सहीनंतर तिच्यावरची नजर काढत नाही. पोरगी तपासणीच्या खोलीत जाते. सीलबंद भांडी पुढं ठेवलेली असतात, त्यातलं कोणतं घ्यायचं ते तीच ठरवते. मग स्वच्छतागृह. दार उघडं, कपडे छातीपर्यंत वर, बाह्या कोपरापर्यंत, आणि अधिकारी बाई समोर उभी. लघवी शरीरातूनच भांड्यात पडते आहे हे तिनं डोळ्यांनी बघायचं. किमान ९० मिलिलिटर हवी. वजनात बसायला आदल्या दिवसापर्यंत पाणी तोडलेली पोरगी तासन् तास बसून राहते, थेंब येत नाही. आलीच तर फार पातळ असली तरी चालत नाही, पुन्हा द्यावी लागते. पुरेशी झाली की ती स्वतःच्या हातानं दोन बाटल्यांत ओतते, अ आणि ब, आणि झाकणं स्वतः घट्ट बसवते. कागदावर गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधं लिहायची. बाटलीवर तिचं नाव नसतं, नुसता आकडा. प्रयोगशाळेला ती हरियाणाची की हंगेरीची, हे ठाऊक नसतं. आणि हा नमुना दहा वर्षांपर्यंत जपून ठेवता येतो, म्हणजे आज न सापडलेलं उद्याच्या यंत्रात सापडू शकतं.

सोळा-सतरा वर्षांच्या पोरीला परक्या गावात, अनोळखी बाईसमोर हे सगळं करावं लागतं. ती ते करते. त्यानंतर पारावर बसलेल्या माणसानं "घेतच असेल" म्हणावं, याला मी उर्मटपणा म्हणतो.

इथं समोरचा एक खरा मुद्दा काढतो, आणि तो टाळून चालणार नाही. चाचणीत सापडली नाही म्हणजे घेत नाही, असं थोडंच आहे? बरोबर आहे. रशियानं सोची हिवाळी ऑलिंपिकमध्ये काय केलं ते जगाला माहीत आहे. प्रयोगशाळेच्या भिंतीला भोक पाडून रात्री बाटल्या पलीकडं सरकवल्या जात, न उघडणारी झाकणं उघडली जात आणि आत जुनी, स्वच्छ लघवी भरली जाई. २०१६ च्या मॅक्लारेन अहवालानं तीसहून अधिक खेळांतले एक हजारांहून जास्त खेळाडू या कारस्थानात गुंतले किंवा त्याचे लाभार्थी असल्याचं म्हटलं. म्हणजे व्यवस्थेवरचा संशय खरा निघू शकतो. पण तो खरा निघाला कसा? त्याच प्रयोगशाळेचा प्रमुख ग्रिगोरी रोदचेन्कोव्ह बोलला, झाकणांच्या आतल्या बाजूला ओरखडे सापडले, लघवीतलं मिठाचं प्रमाण माणसाच्या शरीरात असूच शकत नाही इतकं निघालं. कुणाच्या खांद्यांची रुंदी बघून हे उघडकीला आलेलं नाही. संशय घ्यायचा तर तो असा घ्यावा लागतो, कष्ट करून.

पदकं परत घेण्याची प्रक्रियाही अशीच कोरडी आणि चिकट आहे. लंडन २०१२ मध्ये योगेश्वर दत्तला कांस्य मिळालं. त्याच गटातल्या रौप्यविजेत्या बेसिक कुदुखोव्हचा नमुना चार वर्षांनी पुन्हा तपासला आणि त्यात बंदी असलेलं द्रव्य सापडल्याच्या बातम्या आल्या. कुदुखोव्ह २०१३ मध्येच मोटार अपघातात गेला होता. आपल्याकडं योगेश्वरला रौप्य मिळणार म्हणून पेढे वाटायची तयारी झाली. खुद्द योगेश्वर म्हणाला, पदक त्याच्या घरच्यांकडं राहू द्या. शेवटी ऑलिंपिक समितीनं प्रकरण बंद केलं, कारण मेलेला माणूस आपली बाजू मांडू शकत नाही. मेलेल्या आरोपीलाही जिथं बाजू मांडायच्या हक्कापासून वंचित ठेवता येत नाही, तिथं जिवंत पोरींचा निकाल आपण वाटेनं जाताजाता लावतो.

बरं, "बाहेरच्या सगळ्या औषधावर, आपल्या पोरी साध्या" हे तरी खरं आहे का? जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची, म्हणजे वाडाची, २०२३ सालची आकडेवारी बघा. भारतात ५,६०६ नमुने तपासले, २१४ दोषी निघाले. ३.८ टक्के. त्याच वर्षी चीननं २८ हजारांवर नमुने तपासले आणि दोषींचं प्रमाण ०.२ टक्के होतं. त्याआधी २०२२ ला आपले ३,८६५ नमुने आणि १२५ दोषी. २०२४ ला ७,११३ नमुने, २६० दोषी. पाच हजारांवर चाचण्या करणाऱ्या मोठ्या देशांत हे प्रमाण इतकं कुणाचंच नाही. यात सगळे खेळ आहेत, कुस्ती त्यातल्या आघाडीच्या बदनाम खेळांत आहे. तेव्हा दुसऱ्याच्या अंगणात बोट दाखवण्याआधी आपल्या ओट्यावरची घाण बघा, एवढंच म्हणतो. मोबाइलवरच्या क्लिपमधली परदेशी पोरगी आणि समोरची भारतीय पोरगी, यांत आकड्यांनुसार संशय घ्यायचा झाला तर तो कुणावर घ्यावा लागेल?

परदेशी बायका कधी सापडल्याच नाहीत असं नाही. महिला कुस्तीच्या पहिल्याच ऑलिंपिकमध्ये, अथेन्सला, पोर्तो रिकोची मेबल फोन्सेका स्टॅनोझोलोलसाठी दोषी ठरली. नियम होता, चाचणी होती, सापडली, बाहेर काढली. व्यवस्थेनं आपलं काम केलं.

आपल्याकडं मात्र आपला सापडला की लगेच कटाची गोष्ट सुरू होते. महाराष्ट्राला नरसिंग यादव विसरता येणार नाही. तीन वेळा महाराष्ट्र केसरी, मुंबईत घडलेला मल्ल, २०१५ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य घेऊन रिओचं तिकीट त्यानंच देशाला मिळवून दिलं. मग सुशीलकुमारशी निवड चाचणीचा वाद, दिल्ली उच्च न्यायालय, आणि २०१६ च्या २५ जून आणि ५ जुलैच्या नमुन्यांत मेथॅन्डिएनोन. जेवणात, पाण्यात कुणीतरी मिसळलं, असं त्याचं म्हणणं. १ ऑगस्टला देशातल्या समितीनं ते मान्य करून त्याला निर्दोष सोडलं आणि आपण टाळ्या वाजवल्या. १८ ऑगस्टला, कुस्तीच्या आदल्या दिवशी, रिओत क्रीडा लवादानं चार वर्षांची बंदी घातली. पाण्यात पावडर मिसळून पाजली असती तर नमुन्यात इतकी पातळी आली नसती, एक-दोन गोळ्या गिळल्या असाव्यात, असं तज्ज्ञांचं मत होतं. आणि कटाचा पुरावा काही पुढं आला नाही. नरसिंगच्या मनात काय होतं हे मला ठरवायचं नाही. मला एवढंच दिसतं की पुरुष मल्ल सापडला तेव्हा महाराष्ट्र त्याच्या बाजूनं उभा राहिला, "पुरुषांची कुस्ती म्हणजे औषधांचा बाजार" असं कुणी म्हटलं नाही. या लेखात आतापर्यंत आलेली नावं मोजून बघा, त्यात पुरुष किती आहेत. आणखी एक जोडा: बजरंग पुनिया, मार्च २०२४ मध्ये नमुना द्यायला नकार दिला, किटांबद्दल आक्षेप घेतला, नोव्हेंबरमध्ये चार वर्षांची बंदी. तरी चर्चा होते ती बायकांच्या दंडांची!

विनेश फोगाटचं बघा. ६ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये तिनं जपानच्या युई सुसाकीला हरवलं. आंतरराष्ट्रीय मैदानात तोवर कधीही न हरलेली सुसाकी. दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीआधी शंभर ग्रॅम जास्त भरले आणि विनेश बाहेर. सप्टेंबरमध्ये तिला राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेची, म्हणजे नाडाची, नोटीस आली, कारण दिलेल्या ठिकाणी आणि वेळी ती घरी सापडली नाही. नोटिशीची बातमी आली नि लोकांनी वाचलं, "विनेश डोपिंगमध्ये अडकली." नियम असा की बारा महिन्यांत तीन वेळा असं घडलं तरच तो गुन्हा ठरतो. एक चूक म्हणजे हजेरीपटावरचा एक लाल शेरा. पण तिनं दिल्लीत जंतरमंतरवर धरणं धरून कुस्ती महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षावर लैंगिक छळाचे आरोप केले होते, त्यामुळं अनेकांना ती कशात तरी अडकायलाच हवी होती.

आणि जिथं खरोखर नमुना बोलला आहे, तिथंही घाई नको. रितिका हुडा, २०२३ ची तेवीस वर्षांखालची जगज्जेती, पॅरिसला ७६ किलोत उतरलेली. मार्च २०२५ च्या निवड चाचणीतला तिचा नमुना दोषी निघाला आणि जुलैत तिला तात्पुरतं निलंबित केलं. तात्पुरतं निलंबन म्हणजे आरोपपत्र. त्यानंतर ब नमुना, सुनावणी, पुरावे, अपील असा रस्ता असतो. नमुना दोषी निघाला तर ते द्रव्य शरीरात आलं कसं, हे सांगण्याची जबाबदारी खेळाडूवरच असते. नियम कडक आहे, आणि तो तसाच राहावा. पण नियम कडक आहे म्हणून सुनावणीआधीच फाशी द्यायची मुभा मिळत नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडं येतो, कारण खरा धोका रशियाच्या प्रयोगशाळेत नाही, तो आपल्या चौकातल्या मेडिकलमध्ये आहे. वाशीमच्या एखाद्या गावातली पोरगी तालुक्याच्या पातळीवर जिंकते, मग जिल्हा, मग विभाग. स्पर्धेच्या तोंडावर तिला ताप येतो. बाप डॉक्टरकडं नेतो. आपल्याकडं डॉक्टर सुई देत नाही तो डॉक्टरच नव्हे, अशी समजूत. पोरगी सुई टोचून घेते, संध्याकाळी उठून बसते. त्या सुईत बऱ्याचदा डेक्सामेथासोन असतं. ते ग्लुकोकॉर्टिकॉइड आहे, आणि ग्लुकोकॉर्टिकॉइडची कोणत्याही प्रकारची सुई २०२२ पासून स्पर्धेच्या काळात बंद आहे. पोरीला माहीत नाही, बापाला माहीत नाही, आणि डॉक्टरनं विचारलंच नाही की बाई, तू खेळतेस का.

दुसरं, वजनाची गोळी. ५३ किलोच्या गटात बसायचं आणि काटा ५४.२ दाखवतो. मग प्लास्टिकचा सूट, धावणं, जेवण बंद, थुंकत बसणं. आणि कुणीतरी कानात सांगतं, आजीच्या बीपीच्या डब्यात लघवीची गोळी असते, ती घे, रातोरात दीड किलो उतरतं. ती गोळी म्हणजे फ्युरोसेमाइड. घरोघरच्या म्हाताऱ्यांच्या डब्यात असते, बीपीच्या जोडगोळ्यांत हायड्रोक्लोरोथायझाइड असतं. ही दोन्ही बंदी असलेल्या यादीत आहेत, स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही, कारण त्यांनी वजन उतरतं आणि दुसरं औषधही लघवीतून लवकर धुऊन निघतं. सतरा वर्षांच्या पोरीनं आजीची गोळी घेतली आणि बाद झाली, असं उद्या घडलं तर तिला आपण "औषधावरची" म्हणणार. कानात सांगणारा माणूस पुढच्या पोरीच्या कानाशी लागलेला असेल.

तिसरं, एक गोळी फक्त बायांच्या वाट्याची आहे आणि तिच्याबद्दल तालमीत कुणी तोंड उघडत नाही. स्पर्धेच्या दिवशी पाळी येऊ नये म्हणून ती लांबवायची गोळी. सत्यनारायण, लग्न, यात्रा, परीक्षा, सगळ्यांसाठी आपल्या बायका ती घेतात; मेडिकलवाला चिठ्ठी न मागता देतो. तिच्यात नोरेथिस्टेरोन असतं. त्यावर बंदी नाही. पण शरीरात तिचं विघटन होताना अगदी थोड्या प्रमाणात १९-नॉरअँड्रोस्टेरॉन तयार होऊ शकतं, आणि ते नॅन्ड्रोलोन या बंदी असलेल्या स्टिरॉइडचंही चिन्ह आहे. गरोदरपणातही ते अल्प प्रमाणात दिसतं. प्रयोगशाळांना हे ठाऊक असतं, ती गोळी घेतल्याच्या खुणा त्या शोधतात आणि मग निर्णय देतात. पण पोरीनं नमुना देताना कागदावर गोळीचं नाव लिहिलं तर किती गोंधळ वाचतो! ती लिहीत नाही, कारण प्रशिक्षक पुरुष, शेजारी उभा काका पुरुष, आणि पाळीची गोळी कागदावर लिहायची लाज. महिला कुस्तीतल्या डोपिंगवर ताड-ताड बोलणाऱ्यांपैकी कुणाला हे माहीत होतं?

पावडरचे डबेही याच ओळीत येतात. डब्यावर वाघ-सिंह, बिल नाही, बॅच नंबर पुसलेला. गेल्या काही वर्षांत पुणे, सांगली, कोल्हापूर भागात पोलिसांनी मेफेन्टरमाइनच्या बाटल्या पकडल्या. शस्त्रक्रियेच्या टेबलावर खाली गेलेला रक्तदाब वर आणायचं हे औषध, जिममधली पोरं दम टिकावा म्हणून टोचून घेतात. हा बाजार पश्चिमेकडंच थांबेल असं समजू नका. नागपूर-कोल्हापूर गाडी वाशीमवरून जाते. आपल्या पोरी शिकायला त्याच गाडीनं कोल्हापूरकडं जातात आणि सुट्टीत त्याच गाडीनं पिशवी घेऊन परत येतात. पिशवीत काय आहे हे विचारणारं कुणी हवं. विचारायचं म्हणजे तिचा दंड बघून कुजबुजायचं नव्हे. डबा हातात घेऊन त्यावरची बारीक अक्षरं तिच्यासोबत वाचायची.

२०२२ साली संसदेनं उत्तेजकविरोधी कायदा केला, नाडाला त्याचा आधार मिळाला. जागतिक संहितेत तर तरतूद आहे की संरक्षित वर्गातली अल्पवयीन खेळाडू सापडली तर तिच्या भोवतीच्या माणसांची, प्रशिक्षकाची, डॉक्टरची चौकशी आपोआप व्हावी. आपल्या गावगप्पांत ही तरतूद कधी आली आहे का? "तिच्या वस्तादाला विचारा" असं कुणी म्हणताना मी ऐकलं नाही. आपल्याला तिचे दंड दिसतात, वस्तादाच्या हातातली पिशवी दिसत नाही.

राहता राहिला "पोलीस भरतीपुरती कुस्ती करा" हा सल्ला. त्याला महाराष्ट्रातल्या पोरींनीच उत्तर दिलं आहे. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून गदा घेतली. हरलेली वैष्णवी घरी बसली नाही. २०२५ ला झाग्रेबच्या जागतिक स्पर्धेसाठीच्या भारतीय संघात ६५ किलोत तिची निवड झाली. २०२५ च्या जानेवारीत महिला महाराष्ट्र केसरी आपल्या विदर्भात आली, वर्धा जिल्ह्यातल्या देवळीला, आणि अहिल्यानगरची भाग्यश्री फंड जिंकली. देवळी म्हणजे काही परदेश नाही. आणि विदर्भाला जगाचं भय दाखवू नका. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पोरं १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकमध्ये प्रात्यक्षिकं करून आली आहेत. याच मंडळानं शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडवले. त्या शिक्षकांना एका दिवसाचं उत्तेजकविरोधी प्रशिक्षण देऊन वाशीमच्या सहाही तालुक्यांत पाठवायला कुणाची हरकत असावी?

मागणी फार मोठी नाही. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी आणि मेडिकलवाल्यांनी कसदार पोरापोरीला औषध देण्याआधी एक प्रश्न विचारावा: खेळतोस का, खेळतेस का? नाडाचं औषध तपासायचं ॲप आहे, त्यात नाव टाकायला मिनिट लागत नाही. पोरींच्या तालमीत एक बाई अशी असावी जिच्यापुढं पाळीच्या गोळीचं नाव घ्यायला लाज वाटणार नाही. वजनाचा गट स्पर्धेच्या आठवडाभर आधी नव्हे, हंगामाच्या सुरुवातीलाच ठरवावा. जिल्हा निवड चाचणीत न सांगता नमुने घ्यायची मागणी कुस्तीगीर संघटनेनं स्वतःहून करावी. वाडाची मान्यता असलेली देशातली एकच प्रयोगशाळा दिल्लीत आहे. तिचीही मान्यता २०१९ ते २०२१ निलंबित होती. नमुने तिथवर नेण्याचा खर्च येईल. जत्रेतल्या एका मानाच्या कुस्तीच्या इनामातून तो निघू शकतो.

आणि दंगल भरवणाऱ्या पंचांना एक सांगणं आहे. ज्या आखाड्यात डफडं वाजवून हजारोंचं इनाम लागतं, तिथं आजवर एकाही पुरुष मल्लाकडं कुणी नमुना मागितलेला मी पाहिला नाही. पुढच्या जत्रेपासून तपासणी सुरू करायची असेल तर जरूर करा. पहिली बाटली मानाची कुस्ती मारणाऱ्या गड्याच्या हातात द्या. पोरी रांगेत आधीच उभ्या आहेत.